मिठाच्या वाटेची तपासणी

मुलीने फोनवर जे विचारले त्याला "छान आहे" एवढे उत्तर पुरले असते, हे कुराशिना तेइझो यांच्या पत्नी फुसाए यांनी त्यांना तिथल्या तिथे, फोनवर हात ठेवण्याचीही तसदी न घेता, सांगितले होते. परंतु कुराशिना यांनी हयातभर एका कारखान्यात पाण्याच्या झडपा तपासल्या होत्या, आणि न तपासलेल्या वस्तूला छान म्हणणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. खरे सांगायचे तर तपासलेल्या वस्तूलाही ते छान म्हणत नसत. झडप निर्दोष निघाली की ते पुढची झडप उचलत. कारखान्यातल्या लोकांना यातली शाबासकी कळत असे. घरातल्या लोकांना ती कितपत कळली, हा प्रश्न निवृत्त होईपर्यंत त्यांना पडला नव्हता, आणि निवृत्तीनंतर तो विचारायला उशीर झाला होता.

त्यांची मुलगी चिझुरू हिने चार सोबत्यांना घेऊन, मात्सुमोतोतल्या एका शेवयांच्या दुकानावरच्या खोलीत, कितीतरी वर्षे खपून एक व्हिडिओ गेम तयार केला होता. नाव 'मिठाची वाट'. समुद्राकाठचे मीठ पाठीवर लादून चार हमाल डोंगरापलीकडच्या गावांकडे निघतात, आणि वाटेत जो आडवा येईल त्याच्याशी पाळीपाळीने लढतात. एक घाव आपला, मग एक त्याचा. गेम विक्रीला येऊन वर्ष होत आले होते. तो घेणारे लोक इतके निवडक होते की चिझुरू त्यांना नववर्षाची शुभेच्छापत्रे स्वतःच्या हाताने लिहू शकली असती. आता तोक्योतल्या एका मोठ्या कंपनीने तिला बोलावले होते. मोबाइलवर बोटाने फळे फोडायचा खेळ असतो, त्यातल्या फळांना रंग देण्याचे काम. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी हो किंवा नाही कळवायचे होते, आणि हो म्हटले की शेवयांच्या दुकानावरच्या खोलीला कुलूप.

"बाकी सगळे माझी समजूत काढतात, बाबा," ती फोनवर म्हणाली होती. "तुम्हाला ते येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी येते. तोवर खेळून बघा आणि खरं काय ते सांगा."

"बघतो," म्हणून कुराशिना यांनी फोन ठेवला.

"दोन शब्द होते," फुसाए म्हणाल्या. "छान. आहे. बरं, त्यातला एक तरी बोलायचा."

दोन दिवसांनी यंत्र, वायरी आणि गेम असे सगळे खोक्यातून आले. कुराशिना यांनी एका कोऱ्या कागदाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली, डावीकडे 'दोष' आणि उजवीकडे 'गुण' असे लिहिले, आणि टीव्हीसमोर ताठ बसले.

पहिला दोष पहिल्याच पडद्यावर सापडला. अक्षरे तांदळाच्या कणीएवढी होती. घरचा टीव्ही तसा लहान. त्यावर ती अक्षरे वाचण्यासाठी कुराशिना यांना चष्म्यावर भिंग धरून पडद्यापासून वीतभर अंतरावर उभे राहावे लागे, आणि तिथून हमालांपैकी एकाच वेळी एकच दिसे. वाटेवर थोडे पुढे जाताच एक कावळा आडवा आला. कावळ्याचे डोके डाव्या कोपऱ्यात, आपला हमाल उजव्या, आणि काय करायचे ते खालच्या ओळीत. या तिन्हींची गाठ घालता घालता कुराशिना यांच्या मानेत लचक भरली. त्यांनी उठून मानेला मलम चोळले, चहा घेतला, पाठीमागच्या दाराबाहेरचे बर्फ लोटले आणि परत येऊन पाहिले. कावळा तसाच थांबला होता. आपली पाळी झाल्याशिवाय तो चोचसुद्धा उघडत नव्हता.

गुणांच्या रकान्यात पहिली नोंद झाली: 'शत्रू सुसंस्कृत आहे.'

तरीही भिंगाचा प्रश्न सुटेना, आणि संध्याकाळी फुसाए यांची मालिका असे. दुसरा एखादा माणूस मुलीला फोन करून अक्षरे मोठी करायची काही सोय आहे का विचारून मोकळा झाला असता. पण तपासणाऱ्याने माल बनवणाऱ्याला विचारायचे नसते, हे तांत्रिक विद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकवतात, आणि कुराशिना त्या वर्षात पहिले आले होते. मोठा टीव्ही शिमोइझुमी मोहल्ल्यात एकच होता, सभागृहात. सभागृह हवे म्हणजे मोहल्ला संघाचे अध्यक्ष मुनाकाता यांच्याकडे जाणे आले.

मुनाकाता पोस्टातून निवृत्त झाले होते, पण पोस्ट त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते. त्यांनी कुराशिना यांना रजई पांघरलेल्या उबदार टेबलाशी बसवले, खारवलेली पाने पुढे केली, नियमावली काढली आणि सभागृहात खेळांना बंदी असल्याचे दाखवले. पूर्वी कधीतरी माहजोंगच्या डावावरून दोन घरांचे बोलणे तुटले होते. ती दोन्ही घरे पुढे मोहल्ला सोडून गेली. नियम मात्र इथेच राहिला.

"खेळ म्हणून नाही जमायचं," मुनाकाता म्हणाले. "मेंदूला चालना म्हणून जमेल. स्मृतिभ्रंश प्रतिबंध वर्ग. पालिका वर शेगडीला रॉकेल देते."

"पण माझी स्मृती उत्तम आहे."

"तसं सगळ्यांनाच वाटतं, कुराशिनासाहेब. पत्रकात पहिलंच वाक्य ते आहे."

वर्गाला किमान पाच माणसे हवीत, आरंभी कवायत हवी, आणि चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित हवी, अशा तीन अटी होत्या. प्रशिक्षण मोहल्ल्यात एकट्या ओगाताबाईंचे झाले होते. त्या पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या, आणि एका दुपारी पालिकेत चहाबिस्किटे मिळणार म्हणून गेल्या असता प्रमाणपत्र घेऊन आल्या होत्या. सभागृहाच्या किल्ल्याही त्यांच्याचकडे असत. अशा रीतीने ओगाताबाई मार्गदर्शिका झाल्या आणि कुराशिना 'लाभार्थी' झाले. लाभार्थीच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावायची असते. ती हिरागानात, म्हणजे पहिलीच्या मुलांना वाचता येईल अशा लिपीत, लिहायची असते. कुराशिना यांनी ती लावून घेतली. मुलीसाठी बाप काय काय करतो असे लोक म्हणतात. या चिठ्ठीबद्दल मात्र कोणी कधी काही म्हटलेले नाही.

चौथे सभासद हिराइवा. त्यांचे केशकर्तनालय होते. पत्नी गेल्यावर त्यांनी ते बंद केले होते, आणि जिथे शेगडी पेटलेली असेल तिथे ते जात. पाचव्या फुसाए, विणकाम घेऊन. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकले की, आपण रॉकेलसाठी आलो आहोत आणि आपल्याला कोणाला मारायला सांगू नये.

हमाल चार, खेळणारे चार. ही संख्या जुळली तेव्हा कुराशिना यांना काम मार्गी लागल्यासारखे वाटले. आपण कोणत्या देशात राहतो हे ते क्षणभर विसरले, इतकेच.

कारण यंत्राचे बटण, म्हणजे हातात धरून खेळायचा ठोकळा, एकच होते आणि ते हातोहात फिरवावे लागे. पहिल्या कावळ्यासमोर मुनाकाता यांनी ते दोन्ही हातांनी हिराइवांपुढे धरले. हिराइवा म्हणाले, अध्यक्षांच्या आधी मी कसा मारू. मुनाकाता म्हणाले, हुद्द्याचं सोडा, वयाने तुम्ही मोठे. वयाचे निघाल्यावर सगळ्यांनी ओगाताबाईंकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले. ओगाताबाई म्हणाल्या, मार्गदर्शिकेने स्वतः हात उगारणं बरं दिसेल का, आधी कुराशिनासाहेब, त्यांच्या घरचा गेम. कुराशिना म्हणाले, घरचा म्हणूनच मी शेवटी. एवढ्यात कोणाच्या तरी अंगठ्याखाली 'पाळी सोडणे' ही ओळ आली आणि दाबली गेली. गेममध्ये अशी सोय होती. चौघांनाही ती इतकी पसंत पडली की मुनाकाता यांनी ती गुणांत नोंदवण्याची सूचना मांडली आणि हिराइवांनी तिला अनुमोदन दिले. पाळी सोडून सोडून त्या दुपारी एका कावळ्याने चार धडधाकट हमालांना झोडपून काढले.

दुसऱ्या दिवसापासून काम थोडे पुढे सरकले आणि दोषांचा रकाना भरू लागला. कावळे फार होते; दहा पावले टाकली की कावळा. नकाशावर उत्तर दिशा कुठेच नव्हती. गवताच्या चपला गावागणिक महाग होत आणि घाटात तुटत. या सगळ्यावर ताण म्हणजे नदीवरचा नावाडी. नाव सोडण्यापूर्वी तो आपल्या धाकट्या भावाच्या लग्नाची हकीकत सांगे. हकीकत वाईट नव्हती. पहिल्यांदा ऐकताना ओगाताबाईंनी डोळे टिपले. पण ती थांबवता येत नसे, लांबी भलतीच होती, आणि गेममधली प्रगती जपून ठेवायची तर नदीपलीकडची खानावळ गाठावी लागे. तिच्याअलीकडे यंत्र बंद केले तर पुन्हा पायथ्यापासून आरंभ.

सभागृह पाचला बंद होई. पाच वाजता पालिकेच्या भोंग्यावरून संथ धून वाजे, आणि तिचा शेवटचा सूर विरण्याआधी ओगाताबाई मुख्य बटण खाली ओढत. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी एका मुलाला दुसऱ्या मुलाच्या आधी वाढले नव्हते आणि घंटेच्या नंतर कोणालाच वाढले नव्हते. त्या नियमात हमालांसाठी बदल करण्याचे त्यांना कारण दिसेना. त्यामुळे रोज दुपारी पायथ्यापासून कावळे, कावळ्यांनंतर नावाडी, नावाड्याच्या भावाचे लग्न, आणि वरात वेशीपाशी पोहोचते न पोहोचते तोच पाचची धून. हिराइवांना ते भाषण पाठ झाले. ते नावाड्याच्या आधी अर्धे वाक्य बोलत, आणि ओगाताबाई त्यांच्या स्मृतीत सुधारणा झाल्याची नोंद करत.

यंत्र रात्रभर चालू ठेवावे ही युक्ती फुसाए यांनी सुचवली. ओगाताबाई कशाबशा राजी झाल्या. परंतु मुनाकाता हे आगप्रतिबंधक पथकाचेही प्रमुख होते. संध्याकाळच्या फेरीत त्यांना सभागृहात लाल दिवा दिसला. युक्तीला मान डोलावणारे मुनाकाता अध्यक्ष होते. लाल दिवा पाहणारे मुनाकाता पथकप्रमुख होते. पथकप्रमुखाने वायर उपटली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पथकप्रमुखाच्या वतीने क्षमा मागितली आणि चिवट तांदळाच्या वड्यांचा डबा आणला. डबा घेतल्यावर कुराशिना यांना परतभेट नेणे आले. त्यांनी सफरचंदे नेली. सफरचंदे डब्यापेक्षा जरा भारी पडली असावीत, कारण मुनाकाताबाई लगेच वाळवलेले मासे घेऊन आल्या. या उपद्व्यापात दोन दुपारी गेल्या आणि चिझुरूचा रविवार तेवढाच जवळ आला.

शेवटी कवायत निम्मी कापली, तेव्हा कुठे एकदा चौघांना खानावळ दिसली. खानावळवाली दिवा घेऊन दारात आली आणि काय वाढू म्हणाली. हिराइवांच्या हमालाने फक्त मोहरीची खारवलेली पाने मागितली. प्रगती जपली गेली. पुढे घाटात पावसाने निम्मे मीठ वितळवले (हा नियम कुराशिना यांनी बराच वेळ तपासला आणि त्यात फट सापडली नाही), म्हणून सगळे माघारी खानावळीत आले. त्या वेळी खानावळवालीने काही न विचारता हिराइवांच्या हमालापुढे तीच पाने ठेवली.

"तिच्या लक्षात आहे," हिराइवा म्हणाले.

त्या दुपारी मीठ भरून आणायला सगळे परत नदीवर आले तेव्हा त्यांनी नावाड्याचे भाषण नावाड्यालाच पुरे करू दिले. कुराशिना यांनी गुणांच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहिली आणि कागद उलटा करून ठेवला.

घाटातला पाऊस रोज मीठ वितळवी आणि ते भरून आणायला रोज नदी ओलांडावी लागे, म्हणून नावाड्याच्या भावाचे लग्न काही चुकले नव्हते; बाकी जरा बरी घडी बसली असताना पालिकेची आरोग्यसेविका वर्गाची पाहणी करायला आली. मुलगी नम्र होती, आणि तिच्याकडे वरच्या पट्टीत सावकाश बोलण्याची सरकारी सवय होती. मार्गदर्शिका सोडून सर्वांची चाचणी व्हायची होती. फुसाए यांनी टाके मोजत असल्याचे सांगून अंग काढून घेतले. मुनाकाता आणि हिराइवा अध्यक्ष आणि वडीलधारे म्हणून मागे सरले. पहिला मान, आयुष्यात प्रथमच विनावाद, कुराशिना यांना मिळाला.

"आजोबा, मला एक घड्याळ काढून दाखवाल? दहा वाजून दहा मिनिटं."

कुराशिना यांनी पट्टी मागितली. कंपास नव्हता म्हणून चहाची कपबशी मागितली. त्यांनी मध्यरेषा काढल्या, आकड्यांचे कोन मोजले, आणि मिनिटकाटा दोनवर असताना तासकाटा दहाच्या किती पुढे सरकेल याचे त्रैराशिक बाजूला मांडले. चित्र अचूक होते. सेविकेने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि 'वेळ फार लागतो' असे टिपले.

"बरं, आज दिवसभरात काय काय केलंत?"

"आज एका नावाड्याच्या भावाचं लग्न ऐकलं."

"छान. आणि काल?"

कुराशिना खोटे बोलत नसत. "तेच," ते म्हणाले.

"आणि परवा?"

मुनाकाता मदतीला धावले. ते म्हणाले, बाई, त्यात त्यांचा दोष नाही, आम्ही सगळेच रोज ते लग्न ऐकतो, नंतर कावळे मारतात. सेविकेने कागदाचे पान उलटले.

दोन दिवसांत कुराशिना यांच्या नावाने 'सविस्तर तपासणीचा सल्ला' आला. तो आला हे मोहल्ल्याला त्यांच्या आधी कळले. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागले. भाजीवालीने सुटे पैसे एकेक करून तळहातावर ठेवले आणि मूठ मिटवून दिली. शेजारच्या बाईंनी फुसाए यांना धीर दिला की सुरुवातीला असंच असतं, आमच्या सासऱ्यांनाही आधी कावळे दिसायचे. कुराशिना यांनी खुलासा करण्याचा प्रयत्न केला. पण आपले डोके ठिकाणावर आहे असे जो दारोदार सांगत फिरतो त्याच्याविषयी लोकांचे मत काय होते, हे तिसऱ्या दारात त्यांच्या ध्यानात आले आणि ते घरी परतले. त्यांना दमल्यासारखे झाले होते. झडपांच्या चाळीस वर्षांत ते कधी असे दमले नव्हते. झडपेला काही समजावून सांगावे लागत नसे.

शनिवारी दुपारी अखेरचा घाट आला. घाटमाथ्यावर जकातनाका होता आणि नाक्यावर पहारेकरी. हातात भाला, दाढीवर बर्फ. परवाना मागितला, परवाना हमालांकडे नव्हता. या पहारेकऱ्याच्या पलीकडे डोंगरगाव, आणि गाव गाठल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे म्हणता येत नव्हते. पाचला फार वेळ उरला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी रविवार.

"चला, मारा," कुराशिना म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाही अनोळखी वाटला.

मुनाकाता यांनी बटण हातात घेतले आणि मांडीवर ठेवले. "हा माणूस नोकरीवर आहे," ते म्हणाले. "परवाना बघणं हे त्याचं काम. काउंटरवर मी पण हेच केलंय. मी ह्याला कसा मारू?"

त्यांनी पाळी सोडली. हिराइवा म्हणाले, अध्यक्ष मारत नाहीत तर मी कोण. आणि पाळी सोडली. ओगाताबाई म्हणाल्या, थंडीत उभा आहे बिचारा. आणि पाळी सोडली. बटण कुराशिना यांच्या हाती आले. त्यांनी चौघांच्या वतीने एकट्याने मारले असते तर मोहल्ल्यात त्याची चर्चा झाली असती. त्यांनी पाळी सोडली. पहारेकऱ्याने भाल्याच्या दांड्याने एकेकाला ढकलले. पुन्हा बटण फिरले, पुन्हा चौघांनी सोडले. बराच वेळ असे चालले. पहारेकरी ढकलायचा थांबला. त्याने भाला या हातातून त्या हातात घेतला. पुढच्या फेरीत त्याने एक पाय झटकला, त्याच्या पुढच्या फेरीत दुसरा. पडद्यावर अंधारून आले. कुराशिना यांनी मनाशी हार मानली: चार शहाणीसुरती माणसे एका घावासाठी एकमेकांकडे बघत बसतात आणि आपण मुलीला काय सांगणार.

तेवढ्यात पहारेकऱ्याने अडसर वर उचलला. खालच्या ओळीत अक्षरे उमटली आणि हिराइवांनी ती मोठ्याने वाचली. "जा बाबांनो. माझ्याही घरी जेवायचे थांबले आहेत."

"हे कुणालाच सापडलं नव्हतं," मागून आवाज आला.

दारात चिझुरू उभी होती, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशी. बाबांच्या डोक्याचं काहीतरी झालंय, असे शेजारच्या मावशींनी तिला फोनवर कळवल्यामुळे ती एक दिवस आधीच, मिळेल त्या गाडीने निघाली होती.

"जे कोण खेळले ना, त्या सगळ्यांनी त्याला मारलं," ती म्हणाली. "मारता येतो तो, पण मग सगळं मीठ सांडतं, आणि लोक लिहितात की शेवट फसला म्हणून. इतक्या वेळा कुणी पाळी सोडेल असं मलाही वाटलं नव्हतं. आपलं घालून ठेवलं होतं."

कोणी काही बोलणार इतक्यात पाचची धून वाजू लागली. पुढची खानावळ अजून घाटाखाली होती. चौघांनी ओगाताबाईंकडे पाहिले. ओगाताबाईंनी पडद्याकडे पाहिले, उघड्या अडसराकडे पाहिले, आणि जड पावलांनी जाऊन मुख्य बटण खाली ओढले. हमाल, पहारेकरी, घाट, सगळे काळे झाले.

"सोमवारी परत," मुनाकाता म्हणाले. नाही म्हणण्याचे त्राण कोणात नव्हते.

बाप आणि लेक सभागृहाच्या मोरीत कप विसळायला राहिले. फुसाए रात्रीच्या स्वयंपाकाचे निमित्त करून पुढे गेल्या. पाणी बर्फासारखे होते.

"बाबा, आज वार कोणता?" चिझुरूने सहज विचारल्यासारखे विचारले.

"शनिवार. तू रविवारी यायची होतीस."

तिने सुस्कारा सोडला आणि एक कप पुसला. मग म्हणाली, "सांगा आता. खरं सांगायचं ठरलंय."

कुराशिना यांनी हात पुसून कागद काढला आणि दोष वाचले. अक्षरांपासून चपलांपर्यंत सगळे, एकही न गाळता. चिझुरू मान हलवत राहिली. यातले बरेचसे तिने आधी इतरांकडून, याहून कडू शब्दांत ऐकले असावे. नंतर त्यांनी गुण वाचले. ते थोडे होते आणि त्यांनी ते त्याच आवाजात वाचले, त्यामुळे कुठे दोष संपले आणि कुठे गुण सुरू झाले हे परक्याला कळले नसते. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली.

"म्हणजे?" ती म्हणाली. "तिकडे जाऊ का नको?"

मुलीच्या हातांना थंडीने लाली चढली होती. छान आहे, हे शब्द कुराशिना यांच्या ओठांपर्यंत आले. तिथे ते एकमेकांना वाट देत उभे राहिले, आणि बाहेर कोणीच पडला नाही.

"एक दोष लिहायचा राहिला," ते शेवटी म्हणाले. "तो पहारेकरी. दिवसभर उभा असतो. पाय दुखतात त्याचे, दिसत होतं. दुसऱ्या भागात त्याला बसायला काहीतरी दे."

चिझुरूचा हात कपात थांबला. "दुसरा भाग करायचा म्हणजे सोमवारी त्यांना नाही म्हणावं लागेल, बाबा."

"ते तुझं तू बघ. मी दोष सांगितला."

मोरीत नळ ठिबकत होता. ओगाताबाई दारात किल्ल्या वाजवत कधी नव्हे ते पाचनंतरही थांबल्या होत्या. चिझुरूने शेवटचा कप पालथा घातला, हात कोटाला पुसले आणि खिसे चाचपून पेन्सिल काढली. वडिलांच्या हातातला घडी घातलेला कागद घेतला, तो उलटा केला.

"ओंडका, का बाक?"

कुराशिना यांनी विचार केला. "बाक," ते म्हणाले. "सरकारी जागा आहे, बाकच असणार. एक पाय आखूड असलेला."

"कोणता?"

"मागचा डावा."

तिने लिहून घेतले.